खासगी तळ्यावर बास गरवताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

खासगी तळ्यावर बास गरवायला पहिल्यांदा जाल, तेव्हा पहिला अर्धा तास रॉड गाडीतच राहू द्या. हे ऐकून नवीन माणसाचा हिरमोड होतो, मला माहीत आहे. पण मोठ्या जलाशयात मासा आहे कुठे हा प्रश्न असतो, आणि दोन-चार एकरांच्या तळ्यात तो प्रश्नच नसतो. मासा आहे, बहुतेक वेळा तुमच्या फेकीच्या टप्प्यातच आहे. तुम्ही आलात हे त्याला कळू नये, एवढंच तिथे सांभाळायचं असतं. पुढे सांगितलेलं जवळपास सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

इथे बास म्हणजे लार्जमाउथ बास, मोठ्या तोंडाचा. त्याचं मूळ घर उत्तर अमेरिका. तिथल्या खासगी तळ्यांमध्ये बास आणि ब्लूगिल ही जोडी मुद्दाम सोडलेली असते. ब्लूगिल हा तळहाताएवढा चपटा मासा. तो पाण्यातले किडे खाऊन वाढतो आणि बास त्याला खाऊन वाढतो. अलाबामातल्या ऑबर्नचे मत्स्यशास्त्रज्ञ होमर स्विंगल यांनी १९३० च्या दशकापासून तळ्यांमधल्या या हिशेबाचा अभ्यास केला, आणि आजही तळं राखणारे लोक त्याच पायावर बोलतात. बास ओळखायला सोपा आहे: अंगाला हिरवट झाक, कुशीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत तुटक काळा पट्टा, आणि तोंड मिटलं की वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे जातं. जबडा डोळ्याखालीच थांबला, तर तो त्याचा भाऊबंद स्मॉलमाउथ.

आधी मालक, मग मासा

मालकाची परवानगी तोंडी असली तरी नीट विचारून घ्या. कोणत्या दिवशी, किती वेळ, बरोबर कोण आलं तर चालेल, मासा घरी न्यायचा की सोडायचा, जिवंत आमिष चालेल का, होडी वापरता येईल का. हे सगळं आधी बोललेलं असलं की पुढे कुणाचंही मन दुखत नाही. अमेरिकेत मासेमारीच्या परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात. काही ठिकाणी खासगी पाण्याला सूट असते, काही ठिकाणी नसते. मालकाने हो म्हटलं म्हणजे परवाना लागत नाही असं धरून चालू नका. त्या राज्याच्या वन्यजीव खात्याचे चालू वर्षाचे नियम वाचून मगच जा.

आणि एक प्रश्न मालकाला आवर्जून विचारा: "तळ्यातले बास कमी करायचे आहेत की वाढवायचे आहेत?" या प्रश्नाने मालकाचा चेहरा खुलतो, कारण तळं बघणारा माणूस त्याला क्वचित भेटतो. उत्तराचं काय करायचं ते पुढे येईलच.

फाटक जसं सापडलं तसं ठेवा. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. गुरं असलेल्या शेतावर एवढ्या एका गोष्टीवरून पुढची परवानगी ठरते.

सामान: एक रॉड पुरतो

नवीन माणूस दुकानात गेला की गोंधळतो. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी एकच रॉड, एकच रीळ आणि मूठभर आमिषं. साडेसहा ते सात फुटांचा, मध्यम ताकदीचा, टोक लवकर वाकणारा स्पिनिंग रॉड घ्या. त्यावर २५०० किंवा ३००० आकाराचं स्पिनिंग रीळ बसवा. दोरी, म्हणजे आपण ज्याला तंगूस म्हणतो ती, ८ ते १० पाउंडांची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी. तळ्यात वनस्पतींचं रान माजलेलं असेल तर त्याहून जाड लागते. तिथे ३० पाउंडांपुढची विणलेली दोरी लोक वापरतात. ती दाट पानांतून मासा बाहेर खेचते, पण निवळ पाण्यात ती दिसतेही.

बाकी पिशवीत लांब चोचीची पक्कड, दोरी कापायला कात्री, मोजपट्टी, रबरी जाळीचं हातजाळं आणि ध्रुवित (पोलराइज्ड) काचांचा चष्मा. चष्म्याची दोन कामं. पाण्यावरची चकाकी जाते आणि खालचे ओंडके, मासे, घरटी दिसतात. शिवाय सुटून उलट आलेल्या गळापासून डोळा वाचतो. त्यामुळे तो ढगाळ दिवशीही लावा.

आमिषांचं म्हणाल, तर मी पाच-सहा इंची रबरी गांडूळ सगळ्यांच्या आधी ठेवीन. १९४९ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम यांनी घरच्या चुलीवर प्लॅस्टिक वितळवून पहिली मऊ गांडुळं ओतली, आणि तेव्हापासून या आमिषाने बासच्या तोंडाशी नातं जोडलं ते आजपर्यंत तुटलेलं नाही. त्याच्या जोडीला एक स्पिनरबेट आणि एक पोकळ रबरी बेडूक असला की पहिलं वर्ष निघतं. स्पिनरबेट म्हणजे तारेला फिरती पाती आणि खाली झालर असलेलं आमिष. रंगांच्या भानगडीत फार पडू नका. निवळ पाण्यात हिरवट-तपकिरी, गढूळ पाण्यात काळा किंवा गडद निळा. बासला लाल आणि हिरवा हे रंग चांगले कळतात, पण काळा आणि गडद निळा यांतला फरक त्याला फारसा उमगत नाही. दुकानातली निम्मी खोकी या एका माहितीवर रिकामी ठेवता येतात.

गाठ आणि गांडूळ ओवणं

घरी बसून शिकायच्या दोन गोष्टी. पहिली पॅलोमार गाठ. दोरीचा वीतभर भाग दुहेरी करा आणि तो दुहेरी फास गळाच्या डोळ्यातून ओवा. त्या दुहेरी दोरीचीच एक साधी सैल गाठ मारा. गळ खाली लोंबत राहील. आता फासाचं टोक उघडून अख्खा गळ त्यातून पलीकडे काढा. मग गाठ थुंकीने ओली करा आणि दोरीची दोन्ही टोकं धरून हळूहळू आवळा. ओली करायला विसरू नका. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने दोरी तापते आणि नेमकी तिथेच कमजोर होते. पंचवीस-तीस वेळा मारा, मग डोळे मिटून मारा. पहाटेच्या अंधुक उजेडात, गारठलेल्या बोटांनी हीच गाठ मारावी लागणार आहे.

दुसरी गोष्ट टेक्सास रिग. तळ्यात ओंडके आणि शेवाळ असतंच, आणि उघडा गळ दर फेकीला अडकतो. या पद्धतीत गळाचं टोक गांडुळाच्या अंगात लपतं. आधी दोरीत गोळीच्या आकाराचं छोटं वजन ओवा, निमुळतं टोक रॉडच्या दिशेला. तीन ते सात ग्रॅम पुरे. मग खांद्याशी मोड असलेला ३/० आकाराचा गळ बांधा. त्याचं टोक गांडुळाच्या डोक्यात सरळ खुपसा, अर्धा सेंटिमीटर आत गेल्यावर बाजूने बाहेर काढा. गांडूळ सरकवत गळाच्या मोडापर्यंत आणा आणि गळ अर्धा फिरवा, म्हणजे टोक गांडुळाकडे वळेल. आता गळ गांडुळाशेजारी नुसता टेकवून बघा. त्याचा खालचा बाक जिथे येतो, तिथेच आरपार टोचा, आणि बाहेर आलेलं टोक किंचित मागे ओढून वरच्या सालीत लपवा.

आता ते दोरीला लोंबतं धरून बघा. गांडूळ सुतासारखं सरळ लोंबलं पाहिजे. जरा जरी कुबड आलं, तर पाण्यात ते गिरकी घेतं, दोरीला पीळ पडतो आणि बास तोंड फिरवतो. कुबड आलं असेल तर आळस न करता काढून पुन्हा ओवा.

याहून सोपी पद्धत हवी असेल तर वॅकी. जाडसर सरळ गांडूळ घ्या आणि छोटा गळ त्याच्या बरोबर मधोमध टोचा. वजन नको. पाण्यात सोडलं की दोन्ही टोकं थरथरत ते सावकाश बुडतं. उघड्या पाण्यात, धक्क्याच्या कडेला, नवीन माणसाला पहिला मासा बहुतेक हेच देतं.

फेकीचा सराव कोरड्या मैदानावर करा, गळाऐवजी नुसतं वजन बांधून. लांब फेकण्याचा ध्यास सोडा. दहा मीटरवर टोपली ठेवा आणि दहातल्या सहा फेकी तिच्या हातभर जवळ पडेपर्यंत थांबा. छोट्या तळ्यावर अचूकपणा कामाला येतो. लांब फेकणाऱ्याचं आमिष समोरच्या झुडपात जातं.

तळं वाचणं

आता तो अर्धा तास. पाण्यापासून पाच-सहा मीटर लांब राहून, पावलं हलकी टाकत, तळ्याला एक फेरी मारा. बासच्या कुशीवरून गेलेली संवेदनरेषा पाण्यातला बारीक कंपही टिपते, आणि काठावर आपटलेला बूट तिला ढोलासारखा ऐकू येतो. पाण्यावर पडलेली तुमची सावली त्याला बगळ्याची वाटते. सूर्य पाठीशी असेल तर वाकून चाला किंवा पलीकडच्या काठाला जा.

काय बघायचं? बहुतेक तळी एका बाजूला बांध घालून केलेली असतात. बांधाजवळ पाणी सर्वांत खोल, आणि जिथून ओहोळ आत येतो ते टोक उथळ. या दोन टोकांमध्ये तळाचा उतार जिथे अचानक बदलतो, ती बासची वाट. सांडव्याचा उभा पाइप, पाण्यात पडलेलं झाड, लाकडी धक्का, पाणकणसांच्या बेटाचं टोक, कमळाच्या पानांमधली मोकळी खिडकी, हे सगळे त्याचे आडोसे. बास पाठलाग करून दमणारा मासा नाही. आडोशाला दबा धरायचा, भक्ष्य जवळ आलं की तोंड एकदम उघडायचं आणि पाण्यासकट आत ओढून घ्यायचं, ही त्याची रीत. म्हणून जिथे दोन गोष्टी मिळतात तिथे थांबा: सावली आणि ऊन, शेवाळ आणि मोकळं पाणी, दगड आणि चिखल.

वारा कुठल्या काठाला लागतो तेही बघा. वाऱ्याने सूक्ष्म जीव त्या काठाला गोळा होतात, त्यांच्यामागे छोटे मासे येतात, आणि त्यांच्यामागे कोण येतं ते सांगायला नको. लाटा अंगावर घेत उभं राहणं त्रासाचं असतं, पण मासा त्याच बाजूला असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पायाजवळचं पाणी. नवीन माणूस काठाशी जाऊन तळ्याच्या मध्यावर फेकतो. तेवढ्यात काठाच्या गवताखाली असलेले दोन-तीन बास त्याच्या पावलांनी केव्हाच पळालेले असतात. पहिली फेक काठापासून लांब उभं राहून, काठाला समांतर, अगदी कडेच्या पाण्यात टाका. मग पंखा उघडावा तशी एकेक फेक आतल्या बाजूला नेत जा. एका जागी दहा-बारा फेकी झाल्या की सरका.

झटका ओळखणं

टेक्सास रिग फेकलं की दोरी सैल सोडून ते तळाला जाऊ द्या. बरेचसे बास ते बुडत असतानाच घेतात, म्हणून या वेळी नजर दोरीवरून हलवू नका. तळाला टेकलं की दोरी ढिली पडते. रॉडचं टोक घड्याळातल्या नवापासून अकरापर्यंत सावकाश उचला, पुन्हा खाली आणा, ढील गुंडाळा, थांबा. तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट वेळ थांबा.

झटका कसा लागतो हे शब्दांत सांगणं कठीण आहे, तरी सांगतो. कधी दोरीवर कुणी नखाने टिचकी मारावी तसं "टक" होतं. कधी काहीच होत नाही, पण पाण्यावर पडलेली दोरी एका बाजूला चालू लागते, मुंगी ओढून नेते तशी. कधी नुसतं जड लागतं, ओल्या फडक्यासारखं. आणि कधी चार फुटांवर तळ असताना दोरी दोन फुटांवरच थांबते. शेवाळ धरलं तर ते मेल्यासारखं असतं. मासा असला तर त्या जडपणात जीव असतो. शंका आली की मासाच आहे असं समजा.

अशा वेळी घाईने रॉड उचलू नका. टोक दोरीच्या दिशेने खाली न्या, ढील गुंडाळा आणि दोरी ताठ होताच कोपर अंगाशी ठेवून वर जोरात हिसका द्या, म्हणजे गळ गांडुळाची साल फाडून जबड्यात रुततो. वॅकीला मात्र एवढा जोर नको. नुसतं गुंडाळत रॉड उचलला तरी लागतो. बेडकावर बास पाणी फोडून झेपावतो तेव्हा काळजाचा ठोका चुकतो आणि हात आपोआप उडतो. तो आवरायचा. दोरीला वजन जाणवेपर्यंत एक क्षण थांबायचं, मग हिसका.

लागल्यावर दोरी कधीच ढिली सोडू नका. रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ताणावर दोरी सुटू द्यायची ते ठरवणारा चाप, आधीच दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यावर लावून ठेवलेला असावा, म्हणजे माशाने जोर केला की दोरी तुटण्याऐवजी सुटत जाते. बास उसळी मारून डोकं झटकतो. तो पाण्याबाहेर येतोय असं दिसलं की रॉडचं टोक खाली, पाण्याकडे घ्या.

एक गोष्ट मी नुकसान सोसून शिकलो आहे. एका संध्याकाळी मी लागोपाठ चार बास काढले आणि त्या भरात दोरी तपासलीच नाही. पाचवा सगळ्यांत मोठा होता. तो काठापासून हातभर अंतरावर आला, पांढरं पोट दिसलं, आणि दोरी गळापासून बोटभर वर तुटली. बासचे दात धारदार नसतात, खरखरीत कागदासारखे असतात. पण प्रत्येक मासा शेवटची दीड-दोन वीत दोरी थोडी थोडी खरवडतो. ओंडके आणखी खरवडतात. आता प्रत्येक माशानंतर शेवटचा हातभर भाग मी अंगठा आणि तर्जनीतून ओढून बघतो. जरा जरी खडबड लागली की तेवढी दोरी कापतो आणि गाठ नव्याने मारतो. त्या माशाच्या तोंडात माझा गळ राहिला याचं वाईट अजून वाटतं.

हातात आल्यावर

आधी हात ओले करा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगांपासून वाचवतो, आणि कोरडा हात किंवा कोरडं गवत तो थर ओरबाडून काढतं. खालच्या ओठात अंगठा घालून बास धरता येतो. अंगठा थोडा खरचटतो, बाकी काही नाही. पण त्याला सरळ उभा लोंबता धरा, किंवा दुसरा हात पोटाखाली देऊन आडवा धरा. ओठाला धरून जबड्यावर सगळं वजन टाकत आडवा तोलला, तर त्याचा जबडा निकामी होऊ शकतो, आणि जबडा गेलेला बास उपाशी मरतो. किलोभरापेक्षा मोठ्या माशाला दोन हात हवेतच. पाठीवरच्या पंखातले काटे टोचतात, तेव्हा पोटाखालून धरा.

गळ पक्कडीने, जसा गेला तसाच उलट वाटेने काढा. घरूनच गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने चेपून नेला असेल तर हे काम क्षणाचं आहे. गळ घशात खोल असेल आणि दिसत नसेल, तर ओढाताण करण्यापेक्षा दोरी जवळून कापून मासा सोडणं बरं. फोटो काढायचा असेल तर कॅमेरा तयार होईपर्यंत मासा पाण्यात जाळ्यातच राहू दे. तुम्ही स्वतः श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला म्हणजे त्याचीही वेळ संपली.

गळ माणसाच्या हातात उलट्या काट्यापर्यंत रुतला, तर उपटू नका. डोळा, चेहरा किंवा मानेजवळ असेल तर हात न लावता थेट डॉक्टरांकडे. आणि विजेच्या तारांखाली रॉड उभा करून चालू नका. ग्रॅफाइटचा रॉड वीज वाहून नेतो. ढग गडगडले की रॉड खाली ठेवून आडोशाला जायचं, मासा कितीही लागत असो.

सोडायचा की न्यायचा

इथे नवीन माणसाची समजूत बहुतेक वेळा उलटी असते. प्रत्येक बास सोडून देणं म्हणजेच तळ्यावर प्रेम, असं त्याला वाटतं. छोट्या तळ्यात हे नेहमी खरं नसतं. बासचं वजन किलोभर वाढायला साधारण दहा किलो छोटे मासे लागतात. बास फार झाले की ब्लूगिलची पिल्लं संपतात, आणि मग तळ्यात पंचवीस-तीस सेंटिमीटरचे, मोठ्या डोक्याचे आणि खपाटीला गेलेल्या पोटाचे बासच बास दिसतात. वर्षानुवर्षं तेवढेच राहतात. अशा तळ्यातून लहान बास काढून नेणं हीच राखणदारी असते.

म्हणून मोजा. तीस सेंटिमीटरचा भरल्या अंगाचा बास साधारण चारशे ग्रॅम भरतो, अडतीसचा आठशे ग्रॅमच्या आसपास, आणि एक्कावन्न सेंटिमीटरचा दोन किलोच्या थोडा वर. तुमचे मासे यापेक्षा बरेच हलके असतील आणि गळाला लागणारे ब्लूगिल मात्र मोजके पण मोठे असतील, तर बास जास्त झाले आहेत. उलट, बास थोडे पण लठ्ठ, आणि बोटाएवढे ब्लूगिल थव्याने असतील, तर प्रत्येक बास पाण्यात परत. मालकाला सुरुवातीला विचारलेला प्रश्न इथे कामाला येतो. शेवटचा निर्णय त्याचाच, पण तुम्ही आकडे दिलेत तर त्याला तो नीट घेता येतो.

एका तळ्यातला जिवंत मासा दुसऱ्या पाण्यात मात्र कधीही सोडू नका, कितीही सद्भावनेने. १९२५ मध्ये तेत्सुमा आकाबोशी यांनी अमेरिकेतून आणलेले बास जपानच्या आशी तलावात सोडले. पुढे बास देशभर पसरला, स्थानिक माशांवर त्याचा घाला आला, आणि २००५ पासून तिथे त्याची जिवंत वाहतूक कायद्याने बंद आहे. याच जपानच्या बिवा तलावात २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता यांनी १०.१२ किलोचा बास धरला आणि जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जियात धरलेल्या बासच्या विक्रमाशी बरोबरी केली. दोन्ही गोष्टी एकाच माशाच्या आहेत, हे लक्षात असू द्या. बूट, जाळं, होडी हेसुद्धा दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी धुवा आणि पूर्ण वाळवा. शेवाळाचा एक तुकडाही नवं तळं व्यापू शकतो.

ऋतूप्रमाणे थोडं

पाण्याचा थर्मामीटर दोरीला बांधून जवळ ठेवा. तारखेपेक्षा तो खरं बोलतो. वसंतात पाणी १५-१६ अंशांवर आलं की नर बास उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून ताटाएवढं-परातीएवढं गोल घरटं करतो, आणि मादीने अंडी घातल्यावर तो एकटाच राखण करतो. घरट्यावरचा नर काहीही चावतो, म्हणून त्याला धरणं सोपं. पण तो उचलला गेला की ब्लूगिल काही मिनिटांत अंडी साफ करतात. मी घरट्यावरच्या माशाला गळ दाखवत नाही. तुम्ही धरलाच तर तिथल्या तिथे सोडा.

उन्हाळ्यात पहाट आणि तिन्हीसांजा. भर उन्हात खोल पाण्यात फेकावंसं वाटतं, पण छोट्या तळ्यात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात आणि खालच्या गार थरात प्राणवायू जवळपास उरत नाही. तिथे मासा नसतोच. त्यापेक्षा दाट पानांच्या सावलीत बेडूक चालवा. वनस्पती माजलेल्या तळ्यात प्राणवायू सगळ्यांत कमी असतो तो सूर्योदयाच्या आधी. पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून हवा घेताना दिसले, तर रॉड गुंडाळा आणि लगेच मालकाला कळवा, तळं गुदमरतंय.

शरदात पाणी निवू लागलं की बास पुन्हा खाण्यामागे लागतो, आणि स्पिनरबेट काठाकाठाने ओढायचे हेच दिवस. हिवाळ्यात तो बांधाजवळच्या खोल पाण्यात मंदावतो. गांडूळ लहान घ्या आणि इतकं सावकाश हलवा की तुमचाच धीर सुटेल.

तळ्यावरून निघण्याआधी वहीत पाच ओळी लिहा: तारीख, पाण्याचं तापमान, वारा कुठला, कुठल्या आडोशाला कुठल्या आमिषावर किती सेंटिमीटरचा मासा लागला, आणि कुठे काहीच लागलं नाही. खासगी तळ्यातले मासे तेच असतात, आणि एकदा फसलेला बास तेच आमिष तशाच चालीने आलं तर ओळखतो. पुढच्या वेळी वहीत बघून आमिष बदला, जागा बदला, आणि तळ्याला निदान आठवडाभर विसावा द्या. काठावरचे दोरीचे तुकडे आणि फाटकी गांडुळं, तुमची असोत वा दुसऱ्याची, खिशात घाला. मग मालकाच्या दारावर थाप मारून त्याला वहीतलं पान दाखवा.